आभासी वाट आणि वृद्धांची बुद्धि

तेलाच्या घाण्याला जुंपलेला बैल दिवसभर चालतो, पायांखालीं कित्येक कोस घालतो. परंतु संध्याकाळीं पाहावें तों तो सकाळीं होता तेथेंच असतो. त्याच्या डोळ्यांवर झापडें बांधलेलीं असतात आणि भोंवतीं काय चाललें आहे याचा त्याला पत्ता नसतो. घराच्या सज्जांत ठेवलेल्या व्यायामाच्या सायकलीवर पाय मारणाऱ्या वृद्ध गृहस्थाची स्थिति याहून फारशी निराळी नसते. पाय फिरत असतात, कपाळावर घाम येतो, एक डोळा घड्याळाकडे असतो आणि समोर पांढरी भिंत असते. पहिले आठ दिवस उत्साह टिकतो; पुढें आज पाऊस, उद्यां पाहुणे असें होतां होतां महिन्याभरानें त्या सायकलीवर ओले टॉवेल वाळत घातलेले दिसूं लागतात.

आतां अशी कल्पना करावी कीं, त्या भिंतीच्या जागीं एक मोठा पडदा आला आहे. पडद्यावर झाडींतून जाणारा रस्ता दिसत आहे. पाय जितके वेगानें फिरतील तितका तो रस्ता वेगानें पुढें येतो. हँडल डावीकडे वळविलें कीं वाट डावीकडे वळते. चढ आला म्हणजे पाय जड होतात. मागून दुसरा स्वार येऊन पुढें निघूं पाहतो. असल्या रचनेला व्हर्च्युअल रिॲलिटी असें नांव आहे; मराठींत तिला आभासी सृष्टि म्हणतां येईल. येथें प्रश्न उत्पन्न होतो तो असा: पाय तेच, घाम तोच, सायकलहि तीच, मग केवळ डोळ्यांपुढें खोटा रस्ता आणल्यानें शरीराला मिळतें त्याहून अधिक असें कांहीं बुद्धीला मिळतें काय? प्रथमदर्शनीं हा प्रश्न पोरखेळाचा वाटेल. परंतु ज्या घरांत सत्तरी ओलांडलेलें माणूस आहे आणि ज्या घरानें त्या माणसाच्या चेहऱ्यावर क्षणभर उमटणारा गोंधळ पाहिला आहे, त्या घराला तो तसा वाटणार नाहीं.

म्हातारपणाची भीति पूर्वी बहुतांशीं हातापायांची असे. आज ती डोक्याची झाली आहे. मनुष्याचें आयुर्मान वाढलें, आणि त्याबरोबर स्मृतिभ्रंशाची छायाहि लांब झाली. तथापि विस्मृतीविषयीं एक गैरसमज सर्वत्र आढळतो. एखादें नांव न आठवणें, चष्मा कोठें ठेवला हें विसरणें, ह्या गोष्टींनीं लोक घाबरतात. पण ह्या गोष्टी थोड्याबहुत प्रमाणांत वयाबरोबर यावयाच्याच. दैनंदिन जीवन ज्या शक्तीच्या आधारानें चालतें ती शक्ति वेगळी आहे. गॅसवर दूध ठेवलें आहे. इतक्यांत दारावरची घंटा वाजते. दार उघडावें तों आंतून फोन वाजूं लागतो. अशा वेळीं अगोदर काय करावें, काय थांबवावें, कशाकडे लक्ष देऊं नये आणि मूळ काम मनांत कसें धरून ठेवावें, हें ठरविणारी एक बुद्धि असते. जुन्या वाड्यांतील कारभारी स्वतः कोठलेंच काम करीत नसे, पण त्याच्यावांचून एकहि काम वेळेवर होत नसे; तशीच ही बुद्धि होय. तिला येथें कारभारी बुद्धि म्हणणें सोईचें होईल. मेंदूचा कपाळामागील भाग तिच्या कामांत मुख्यत्वेंकरून गुंतलेला असतो, आणि वयाच्या परिणामाला तो भाग लवकर बळी पडतो. कारभारी थकला कीं वाडा उभा असूनहि घर मोडकळीस येतें.

ह्या कारभाऱ्याला व्यायामानें बळ येतें काय, याचा शोध अमेरिकेंत इलिनॉय विद्यापीठांतील आर्थर क्रेमर व त्यांचे सहकारी यांनीं घेतला. त्यांचा निबंध १९९९ सालीं ‘नेचर’ ह्या शास्त्रीय पत्रांत प्रसिद्ध झाला. साठ ते पंचाहत्तर वर्षें वयाच्या व एरवीं बैठें आयुष्य घालविणाऱ्या १२४ स्त्रीपुरुषांचे त्यांनीं दोन गट केले. एका गटानें सहा महिने झपाझप चालावें आणि दुसऱ्यानें अंग ताणण्याचे व स्नायू बळकट करण्याचे सौम्य व्यायाम करावेत, अशी योजना होती. सहा महिन्यांनंतर चालणाऱ्यांची प्रगति विशेषतः कारभारी बुद्धीच्या कसोट्यांत दिसून आली: एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळणें, निरर्थक गोष्टींकडे दुर्लक्ष करणें, चालू केलेली क्रिया आयत्या वेळीं थांबविणें. ज्या मंडळींनीं पायांचा व्यायाम केला, त्यांच्या डोक्याला त्याचें फळ मिळालें.

पुढें २०११ सालीं कर्क एरिकसन, क्रेमर आणि इतर संशोधकांनीं मेंदूचीं छायाचित्रें घेऊन हाच शोध आणखी खोल नेला. मेंदूंत दोन्ही बाजूंस हिप्पोकॅम्पस नांवाचा एक लहानसा वळणदार भाग असतो. नव्या आठवणी सांठविणें आणि जागा ओळखणें हें त्याचें काम. उतारवयांत तो दरवर्षीं किंचित् आकसत जातो. १२० वृद्धांपैकीं निम्म्यांनीं वर्षभर आठवड्यांतून तीन दिवस चालण्याचा व्यायाम केला. हळू हळू वाढवीत तो चाळीस मिनिटांपर्यंत नेला. वर्षाअखेर त्यांचा हिप्पोकॅम्पस शेंकडा २ नें वाढलेला आढळला. नुसते ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा तोच भाग शेंकडा १.४ नें कमी झालेला होता. शेंकडा दोन ही संख्या ऐकावयास क्षुद्र वाटते. परंतु जो भाग दरवर्षीं घटावयाचा तो घटला तर नाहींच, उलट एक-दोन वर्षांची झीज भरून निघाली, असा तिचा अर्थ आहे.

याच्या मुळाशीं काय आहे, याचा थोडा उलगडा उंदरांनीं केला आहे. कॅलिफोर्नियांतील साल्क संस्थेंत दोन प्रसिद्ध प्रयोग झाले. १९९७ सालच्या प्रयोगांत कांहीं उंदरांना साध्या पिंजऱ्याऐवजीं बोगदे, खेळणीं, चाकें आणि सोबती असलेलें प्रशस्त घर मिळालें. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्यें नव्या पेशी अधिक संख्येनें टिकल्या. १९९९ सालच्या प्रयोगांत उंदरांना केवळ धांवण्याचें चाक मिळालें. त्यांच्याहि मेंदूंत नव्या पेशी वाढल्या. शिवाय व्यायामानें मेंदूंतील एका पोषक द्रव्याचें प्रमाण वाढतें, त्याला बी. डी. एन. एफ. म्हणतात. शेताला खत तशी पेशींना ही वस्तु होय. उंदरांवरून माणसांविषयीं एकदम अनुमान काढूं नये हें खरें. तरीहि ह्या दोन प्रयोगांनीं एक सूत्र हातीं दिलें. शरीराची हालचाल ही एक गोष्ट आणि भोंवतालची विविधता ही दुसरी. दोन्हींचा मेंदूवर अनुकूल परिणाम होतो. मग ह्या दोन गोष्टी एकाच वेळीं एकत्र आणल्या तर?

येथेंच आभासी सृष्टीचा प्रवेश होतो. ही सृष्टि आजची म्हणून ओळखली जाते, पण तिची वंशावळ जुनी आहे. १८३८ सालीं इंग्लंडांत चार्ल्स व्हीटस्टन यांनीं दोन डोळ्यांना दोन किंचित् भिन्न चित्रें दाखविलीं म्हणजे मनाला एकच उठावदार दृश्य भासतें, हें आरशांच्या यंत्रानें सिद्ध केलें. पुढें स्टिरिओस्कोपचीं दुर्बिणींसारखीं उपकरणें सुखवस्तु घरांच्या दिवाणखान्यांत पोंचलीं. १९६२ सालीं मॉर्टन हायलिग ह्या अमेरिकन गृहस्थांनीं ‘सेन्सोरामा’ नांवाच्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्यांत बसणाऱ्याला मोटारसायकलवरून न्यूयॉर्कच्या रस्त्यांत हिंडल्याचा भास होई, तोंडावर वारा लागे आणि वासहि येत. १९६८ सालीं आयव्हन सदरलंड यांनीं डोक्यावर चढविण्याचें उपकरण तयार केलें; तें इतकें अवजड होतें कीं छताला टांगावें लागे. ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ हा शब्द जॅरन लॅनियर यांनीं १९८० नंतरच्या दशकांत लोकांच्या तोंडीं घातला. त्यानंतर यंत्रें हलकीं झालीं, किंमती उतरल्या, आणि २०१० सालच्या सुमारास माणसाच्या अंगाची हालचाल कॅमेऱ्यानें टिपून पडद्यावर उमटविणारी साधनें घरोघरीं खेळण्याच्या रूपानें आलीं. मुलांसाठीं आलेल्या ह्या खेळण्याकडे कांहीं वैद्यांचें व मानसशास्त्रज्ञांचें लक्ष गेलें, आणि त्यांनीं तें आजोबा-आजींच्या हातीं दिलें.

त्यांतील एक प्रयोग विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. न्यूयॉर्क राज्यांत स्केनेक्टडी नांवाचें शहर आहे. तेथील युनियन कॉलेजांतील मानसशास्त्रज्ञ के अँडरसन-हॅनली व त्यांचे सहकारी यांनीं निवृत्तांच्या आठ वसाहतींत तो केला आणि २०१२ सालीं प्रसिद्ध केला. भाग घेणाऱ्यांत अठ्ठावन्नपासून नव्याण्णव वर्षांपर्यंतचीं माणसें होतीं. सर्वांना टेकून बसावयाच्या सायकली दिल्या. कांहीं वसाहतींत ती साधी सायकल होती. कांहींत तिच्यापुढें पडदा होता. पडद्यावाल्यांना आरंभीं निरनिराळ्या रम्य वाटांवरून फिरावयाचें होतें. वाटांचा सराव झाल्यावर त्यांच्यापुढें एक छायारूप स्वार येई. हा स्वार म्हणजे दुसरा कोणी नसून त्याच व्यक्तीची पूर्वीची सर्वोत्तम फेरी असे. मनुष्यानें स्वतःच्या कालच्या पराक्रमाशीं आज शर्यत लावावी, अशी ती युक्ति होती.

तीन महिने झाल्यावर दोन्ही गटांची परीक्षा घेण्यांत आली. परीक्षेचे प्रश्न शाळेंतील तोंडी परीक्षेसारखे होते. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईनें छापलेला असतांना शब्द न वाचतां शाईचा रंग सांगावयाचा. सांगितलेले अंक उलट्या क्रमानें म्हणावयाचे. दोन रंगांचीं वर्तुळें आळीपाळीनें अंकांच्या क्रमानें जोडावयाचीं. ह्या तिन्ही गोष्टी कारभारी बुद्धीच्या कसोट्या आहेत, आणि त्यांत पडद्यावाल्या स्वारांनीं साध्या सायकलवाल्यांना मागें टाकलें. त्यांच्या रक्तांतील बी. डी. एन. एफ.ची वाढहि अधिक आढळली. स्मृतिभ्रंशाच्या अलीकडची जी बुद्धीच्या सौम्य ऱ्हासाची पायरी आहे, तीवर उतरण्याचा धोका त्यांच्यांत दुसऱ्या गटाच्या मानानें शेंकडा २३ नें कमी दिसला. सर्वांत महत्त्वाची बाब ही कीं, दोन्ही गटांचे शारीरिक श्रम जवळजवळ सारखे होते. तेव्हां फरक पडला तो श्रमांमुळें नव्हे. श्रम करतांना मन काय करीत होतें, त्यामुळें.

ह्या निष्कर्षानें हुरळून जाण्यापूर्वी त्याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. प्रयोगाची विभागणी ७९ जणांत झाली होती आणि शेवटपर्यंत टिकले ते ६३. तीन महिन्यांचा अवधि थोडा आहे. त्या अवधींत मिळालेला लाभ तीन वर्षें टिकतो असें त्यावरून म्हणतां येत नाहीं. शिवाय पडद्यावरील सहलींत अनेक गोष्टी एकत्र मिसळल्या होत्या: रस्ता शोधणें, समोरून येणाऱ्यांना चुकविणें, शर्यतीची ईर्षा आणि नवलाईचा आनंद. यांपैकीं नेमक्या कोणत्या गोष्टीनें गुण आला, हें एका प्रयोगानें उकलत नाहीं. उत्तम पीक आलें असतां तें पावसानें आलें, खतानें आलें कीं बियाण्यानें आलें हें एका हंगामांत कोणता शेतकरी सांगूं शकेल?

तथापि याच विचारसरणीचा एक मोठा प्रयोग पुढें झाला, आणि त्याचें फळ कागदावरील गुणांत न मोजतां पडण्याच्या संख्येंत मोजलें गेलें. वृद्ध माणसाचें पडणें ही पायांचीच चूक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः पुष्कळदां ती लक्षाची चूक असते. तरुण माणूस चालतां चालतां बोलतो, पिशवी सांवरतो, समोरचा खड्डा चुकवितो, आणि ह्या सर्व गोष्टी एकाच वेळीं करतो हें त्याला ठाऊकहि नसतें. वृद्धाला चालणें हेंच एक काम होऊन बसतें. त्यांत कोणीं हांक मारली कीं पाऊल चुकतें. घरांतील आजोबा बोलण्यासाठीं चालतां चालतां थांबतात, तें केवळ धाप लागली म्हणून नव्हे. कारभाऱ्याला एका वेळीं दोन हुकूम देणें जड जातें म्हणूनहि.

हें ओळखून अनात मिरेलमन व जेफ्री हाउसडॉर्फ यांच्या पुढाकारानें बेल्जियम, इस्राएल, इटली, नेदरलंड्स आणि ब्रिटन ह्या पांच देशांत एक संयुक्त प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २०१६ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रांत आला. साठ ते नव्वद वर्षें वयाचीं, मागील सहा महिन्यांत निदान दोन वेळां पडलेलीं माणसें त्यांत घेतलीं होतीं. कांहींना कंपवात होता, कांहींची बुद्धि किंचित् मंदावलेली होती, कांहींना पडण्याचें स्पष्ट कारण नव्हतें. अशा २८२ जणांच्या माहितीवरून निष्कर्ष काढण्यांत आला. सर्वजण आठवड्यांतून तीन वेळां, सुमारें पाऊण तास, सहा आठवडे सरकत्या पट्ट्यावर चालले. निम्म्यांच्या समोर मात्र मोठा पडदा होता. त्यांचीं पावलें कॅमेरा टिपी आणि पडद्यावर उमटवी. वाटेंत अडथळे येत, वाटा फुटत, लक्ष वेधणारीं दृश्यें मध्येंच डोकावत, आणि त्यांतून पाऊल योग्य जागीं टाकावें लागे. पुढील सहा महिन्यांत काय घडलें? नुसत्या पट्ट्यावर चालणाऱ्यांचें पडण्याचें प्रमाण माणशीं सुमारें अकरावरून आठावर आलें. हा फरक योगायोगाचाहि असूं शकेल इतपतच होता. पडद्यासमोर चालणाऱ्यांचें प्रमाण सुमारें बारावरून सहावर, म्हणजे निम्म्यावर आलें. ज्या घरानें मांडीचें हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाची शुश्रूषा केली असेल, त्याला ह्या निम्म्याची किंमत निराळी सांगावयास नको.

आतां याच्या विरुद्ध बाजूची साक्ष ऐकली पाहिजे, आणि ती एका उंदराची आहे. १९७१ सालीं लंडनमध्यें जॉन ओकीफ यांनीं असें दाखविलें कीं, उंदीर विशिष्ट जागीं आला कीं त्याच्या हिप्पोकॅम्पसमधील विशिष्ट पेशी जाग्या होतात. जणूं मेंदूंत त्या खोलीचा नकाशा आंखलेला असतो. ह्या शोधाबद्दल २०१४ सालीं ओकीफ यांना मोझर दांपत्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेंत मयंक मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंदरांना आभासी खोलींत फिरविलें. उंदीर चेंडूवर पाय हलवी आणि भोंवतालचें चित्र त्याप्रमाणें सरके. उंदराच्या वागण्यावरून त्याला कांहीं वेगळें वाटत असल्याचें दिसेना. परंतु त्याच्या हिप्पोकॅम्पसमधील निम्म्याहून अधिक पेशी स्तब्ध झालेल्या आढळल्या, आणि नकाशाहि विस्कटलेला दिसला. खऱ्या खोलींत डोळ्यांबरोबर वास असतो, पायांखालचा स्पर्श असतो, वळतांना कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय साक्ष देत असतें. आभासी खोलींत डोळा एक सांगतो आणि शरीर दुसरें. तेव्हां आभासी वाट ही खऱ्या वाटेची पूर्ण प्रतिकृति आहे असें मेंदू मानीत नाहीं. डोळा फसला तरी मेंदूचा सारा दरबार फसतोच असें नाहीं.

डोक्यावर चष्मा चढविल्यावर कित्येकांना मळमळतें, घेरी येते, त्याचेंहि कारण बव्हंशीं ह्याच विसंवादांत आहे. बोटींत बसलेल्याला जें लागतें तेंच हें. फक्त उलट्या दिशेनें. बोटींत शरीर हलतें आणि खोलींतील भिंती स्थिर दिसतात. येथें शरीर स्थिर असतें आणि जग हलतांना दिसतें. वर सांगितलेल्या दोन्ही मोठ्या प्रयोगांत डोक्यावरचा चष्मा नव्हता, समोरचा पडदा होता. आणि माणसाच्या पायांना खरी हालचाल होती, ही गोष्ट नजरेआड करूं नये. खुर्चींत बसून चष्म्यांतून डोंगर पाहणें आणि पाय मारीत डोंगर चढणें, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली करमणूक आहे. व्यायाम दुसरी आहे.

अर्धांगवायूच्या रोग्यांविषयीं झालेल्या प्रयोगांवरूनहि असाच संयम शिकावयास मिळतो. कॉक्रेन नांवाची संस्था जगांतील वैद्यकीय प्रयोग एकत्र करून त्यांची छाननी करते. तिच्या २०१७ सालच्या समालोचनांत ७२ प्रयोग आणि २,४७० रोगी यांचा विचार झाला. नेहमींच्या उपचारांऐवजीं आभासी खेळ दिल्यानें हाताच्या हालचालींत अधिक सुधारणा झाली नाहीं. पण नेहमींच्या उपचारांत भर म्हणून ते दिले तेव्हां लाभ दिसला. त्यांत एकूण सरावाचा वेळ वाढला होता, हें लक्षांत घेतलें पाहिजे. म्हणजे यंत्राची जादू बहुधा ही कीं, जें काम कंटाळवाणें म्हणून मनुष्य टाळतो तें तो यंत्रामुळें अधिक वेळ करतो. मास्तरांच्या छडीनें पाढे पाठ न करणारा मुलगा भेंड्यांच्या नादानें तेच पाढे पाठ करतो, तसा हा प्रकार आहे.

बाजाराला मात्र असा संयम परवडत नाहीं. ‘पंधरा दिवसांत स्मरणशक्ति दुप्पट’ अशा थाटाच्या जाहिराती पूर्वी चूर्णांच्या व तेलांच्या निघत. आतां त्या खेळांच्या व यंत्रांच्या निघतात. २०१६ सालीं अमेरिकन सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशननें बुद्धिवर्धक खेळ विकणाऱ्या एका कंपनीवर, आपले खेळ वार्धक्यांतील बुद्धिऱ्हास टाळतात असा पुराव्याशिवाय दावा केल्याचा ठपका ठेवला, आणि त्या कंपनीला २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावें लागलें. म्हणून कोणतेंहि यंत्र घेण्यापूर्वीं सुशिक्षित गृहस्थानें दोन प्रश्न विचारावेत. ह्यानें शरीराला खरा श्रम पडतो काय? आणि तो श्रम करतांना मनाला निवड, सावधगिरी व आठवण यांचें काम करावें लागतें काय? दोन्ही उत्तरें होकारार्थी असतील तरच पुढें किंमत विचारावी.

यंत्र घरांत आलेंच तर कांहीं पथ्यें पाळणें अवश्य आहे. हृदयविकार, रक्तदाब, फेफरें किंवा तोल जाण्याची संवय असेल तर अगोदर वैद्यांचा सल्ला घ्यावा. वृद्ध व्यक्तीनें उभें राहून डोळे झांकणारा चष्मा कधींहि लावूं नये. बैठी सायकल आणि समोरचा पडदा हा सुरक्षित मार्ग होय. आरंभ दहा मिनिटांनीं करावा. जवळ कठडा किंवा भक्कम खुर्ची असावी, पायांत सतरंजी-तारांचें जाळें नसावें, आणि निदान पहिले कांहीं दिवस घरांतील कोणीतरी शेजारीं असावें. डोकें जड झालें कीं त्या दिवसाचा खेळ संपला असें समजावें.

परंतु ज्यांना हें यंत्र परवडत नाहीं किंवा नकोसें वाटतें, त्यांनीं हताश होण्याचें कारण नाहीं. कारण प्रयोगांनीं जें शिकविलें तें यंत्राच्या मालकीचें नाहीं. अंग हलावें आणि त्याच वेळीं मनहि जागें राहावें, एवढेंच त्यांचें सार आहे. लेझीम खेळतांना पाय, हात, ताल आणि पुढच्या गड्याची चाल या सर्वांकडे एकदम लक्ष द्यावें लागतें. रोजच्या ठरलेल्या रस्त्याऐवजीं आठवड्यांतून दोनदां नव्या गल्लीनें जाऊन परत घर गांठणें. नातवाचा हात धरून चालतां चालतां शंभरापासून सात-सात उणे करीत मागें येणें. बाजाराची यादी कागदावर न लिहितां डोक्यांत ठेवून पायीं जाऊन सामान आणणें. ह्या सर्व त्याच जातीच्या तालमी आहेत. अर्थात् रस्ता गर्दीचा असेल तेथें वजाबाकी घरीं ठेवावी! जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेल्या सूचनांप्रमाणें प्रकृति झेपेल त्या वृद्धानें आठवड्यास दीडशें ते तीनशें मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे प्रकारहि करावेत. दिवसाला पंचवीस मिनिटें म्हणजे कांहीं मोठें तप नव्हे.

खरी गरज यंत्राची आहे ती ज्यांना बाहेर पडतांच येत नाहीं त्यांना. गुडघे थकलेले, चौथ्या मजल्यावरचें बिऱ्हाड, उद्वाहन बंद, खालीं उतरावें तों वाहनांची रीघ, आणि जून ते सप्टेंबर निसरडा रस्ता. अशा माणसाचें जग चार भिंतींएवढें होऊन जातें. त्याच्या भिंतीवर एक वाट उघडली, तिच्यांत वळणें असलीं, आणि कालच्यापेक्षां आज थोडें पुढें जाण्याची ओढ त्याला लागली, तर ती वाट खोटी म्हणून तिची हेटाळणी करण्याचा अधिकार धडधाकट माणसाला नाहीं. तिच्यावर सांडलेला घाम खोटा नसतो, आणि तिच्यावर चालतांना जागी राहिलेली बुद्धीहि खोटी नसते.

मात्र यंत्र आणून दिलें म्हणजे कर्तव्य संपलें, असें तरुण पिढीनें मानूं नये. स्मृतिभ्रंशाच्या प्रतिबंधाचा विचार करणाऱ्या ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञमंडळानें २०२४ सालीं टाळण्याजोगीं चौदा कारणें सांगितलीं. त्यांत व्यायामाचा अभाव आहे, रक्तदाब व मधुमेह आहेत, अधूं झालेले कान व डोळे आहेत. आणि त्याच यादींत एकलकोंडेपणाहि आहे. पडद्यावरचा छायारूप स्वार वृद्ध माणसाला शर्यतींत सोबत देईल. पण शर्यत संपल्यावर ‘आज किती लांब गेलांत, बाबा?’ असें विचारणारें माणूस खोलींत नसेल, तर त्या फेरीचें अर्धें फळ वायां गेलें असेंच म्हणावें लागेल. हा प्रश्न विचारावयास पैसे पडत नाहींत, आणि त्याचें उत्तर देण्यासाठीं वृद्धाला आजचा रस्ता आठवावा लागतो. बुद्धीचा हाहि एक व्यायामच आहे.